खातूनबीच्या बेटावरचे तुडतुडे

खातूनबीनं इंदू दातारला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा इंदू तोंडानं किडे ओढत होती.

१९५५ सालचा ऑक्टोबर होता. चाकणच्या बाजाराजवळ खातूनबीच्या नवऱ्याचं, करीम शिडीवाल्याचं, दुकान होतं. पुढं भिंतीला टेकवलेल्या शिड्या आणि कांदाचाळीला लागणाऱ्या बांबूंच्या मोळ्या, मागं राहायच्या दोन खोल्या, आणि त्याही मागं बांबूचं एक थोरलं हिरवंगार बेट. त्या बेटाखाली एक चष्मेवाली, शहरी पातळ नेसलेली बाई उलटी छत्री धरून उभी होती. काठीनं फांदीवर टकटक करायची, छत्रीत वाकून बघायची, मग एक रबरी नळी छत्रीत टेकवून तिचं दुसरं टोक ओठात धरायची आणि फुस्सकन श्वास ओढायची.

खातूनबी हातातलं सूप घेऊन तशीच दारात उभी राहिली. दोन-तीनदा तिनं ते ओढणं बघितलं. मग तिला राहवेना.

"अगं ए बाई, उपाशी हायेस का? भाकरी हाय घरात. किडं कशापायी खातीस?"

इंदूला हसू आलं, हसताना ठसका लागला, आणि छत्री हातातून सुटली. खातूनबीनं पाण्याचा तांब्या आणला. पाणी पिऊन झाल्यावर इंदूनं आपली नळी दाखवली. मधे एक लहान बाटली होती आणि ओठाकडच्या टोकाला मलमलीची जाळी बांधलेली होती. किडा बाटलीत अडकायचा, तोंडात जायचा नाही.

"तोंडात एकदाच गेलाय," इंदू म्हणाली. "जाळी फाटली होती तेव्हा."

"कसा लागला?"

"कडू."

एवढ्यावर दोघींची ओळख झाली.

इंदू पुण्याच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांना प्रयोग शिकवायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचं संशोधन करायची. अठ्ठावीस वर्षांची होती. दोन वर्षं तिनं तुडतुड्यांच्या एका घराण्याचा पिच्छा पुरवला होता. भातावर तुडतुडे पडतात ते शेतकऱ्याला ठाऊक असतं, तिचे हे त्यांचे चुलतभाऊ, पण बांबूशिवाय दुसऱ्या कशाला तोंड न लावणारे. तांदळाच्या कणीएवढा जीव. मागच्या पायाला कोंबड्यासारखी आर, पण हलणारी. या घराण्यात जाती किती, एकीपासून दुसरी ओळखायची कशी आणि कुठली जात कुठं सापडते, एवढं शोधून लिहून काढायचं, हे तिचं काम. खोलीतल्या भिंतीवर तिनं मुंबई राज्याचा नकाशा लावला होता आणि जिथं जिथं हा किडा सापडला तिथं तिथं काळ्या डोक्याची टाचणी टोचली होती. सगळ्या टाचण्या कोकणात आणि घाटमाथ्यावर. लोणावळ्याच्या पूर्वेला एकही नाही. तिचे प्राध्यापक चौबळ सांगायचे, "तिकडं जाण्यात अर्थ नाही. तिकडं नुसता कळक, काटेरी बांबू. त्यावर हा बसत नाही."

त्या दिवशी ती मंचरहून एस. टी.नं परत येत होती. चहासाठी गाडी चाकणला थांबली आणि खिडकीतून तिला बिनकाट्याच्या बांबूचा शेंडा दिसला. बांबू दिसला की उतरायचं, ही तिची सवय. गाडी तिला सोडून निघून गेली. संध्याकाळच्या गाडीनं ती पुण्याला पोचली तेव्हा पिशवीतल्या बाटलीत एकतीस तुडतुडे होते.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली तिनं पहिला किडा ठेवला आणि डोळे चोळले. पायाची आर तीच, मिशांची ठेवण तीच, घराणं नक्की तेच. पण पंख अर्धेच. निम्मी पाठ उघडी. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, एकतीसच्या एकतीस आखूड पंखांचे. आणि या घराण्यातले आजवर लोकांनी पाहिलेले आणि तिनं पकडलेले सगळे लांब पंखांचे होते.

ती बशी घेऊन चौबळ सरांकडे गेली. सर उंच, बारीक, आणि दुसऱ्याच्या चुका शोधण्यात हात धरू देणार नाहीत असे. त्यांनी किडा पाहण्याआधी बशीतली चिठ्ठी वाचली. 'चाकण, तालुका खेड.'

"खेड!" ते म्हणाले. "मे महिन्यात तुम्ही रत्नागिरीतल्या खेडला गेला होतात, मिस दातार. चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय."

"सर, हे पुणे जिल्ह्यातलं खेड. चाकण लिहिलंय की."

"चाकण चिठ्ठीवर लिहिलंय. किड्यावर कुठं लिहिलंय?"

पुढच्या रविवारी इंदू पुन्हा चाकणला गेली आणि सोमवारी सकाळी सरांच्या टेबलावर बांबूची पानं घातलेली बरणी ठेवली. सरांनी झाकण उघडलं. एक तुडतुडा टणकन उडाला आणि सरळ त्यांच्या चहात पडला. त्यांनी तो चमच्यानं काढला, चष्मा कपाळावर सरकवून भिंगाखाली धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. चहा गार झाला.

"मिस दातार," शेवटी ते म्हणाले, "ही नवी जात आहे."

त्याच दिवशी त्यांनी कलकत्त्याच्या संग्रहालयातल्या मित्राला पत्र लिहिलं. स्टाफरूममध्ये तिघांना सांगितलं. एरवी इंदूच्या खोलीत न डोकावणारी माणसं डोकावून गेली. सर म्हणाले, "नाव ठरवून ठेवा. पहिलं नाव ठेवण्याचा आनंद आयुष्यात एकदाच मिळतो."

इंदूनं नाव ठरवलंच होतं. ज्या बाईच्या अंगणात किडा सापडला तिचंच. लॅटिन वळणानं 'खातूनी'.

* * *

ही बातमी सांगायला आणि किड्याचं चित्र दाखवायला ती तिसऱ्यांदा चाकणला गेली. खातूनबीनं तिला आधी जेवायला बसवलं. करीमभाई जेवून दुकानात गेले होते. ताटात कोलंबीच्या सुकटीचं कालवण आणि पांढरीशुभ्र तांदळाची भाकरी.

"चाकणला तांदळाची भाकरी?" इंदूनं विचारलं. "इथं सगळीकडं बाजरी."

"चोवीस वर्सं झाली लग्नाला, पण बाजरी काय गळ्याखाली उतरत न्हाई बघ. मी खेडची ना."

"म्हणजे इथलीच."

"हे न्हाई गं! माझं खेड. जगबुडीच्या काठचं. रत्नागिरीतलं." खातूनबी हसली. "लग्न ठरलं तवा सगळी मला चिडवायची, खेडची पोर खेडातच दिली म्हणून. मला वाटलं, असंल जवळच. तीन दिस गाडीत बसले तवा कळलं."

इंदूचा घास हातातच राहिला.

"खातूनबी, हे बेट कुणी लावलं?"

"मीच की. हा माणगा हाय, माझ्या म्हायेरचा. इथं कुठं मिळतोय? आयशीनं कंद बांधून दिला गोणपाटात. म्हणाली, तिकडं तुझं कुणी न्हाई, ह्याला लाव, तीन वर्सांत ह्याच्या सावलीला बसशील."

तेवढ्यात करीमभाई दोरी घ्यायला आत आले. ते म्हणाले, "लोक लेकीसंग भांडी धाडतात, ताई. माझ्या सासूनं लाकूड धाडलं. आमची बिरादरी महिनाभर हसत होती. आता त्याच लाकडाच्या शिड्या विकतोय."

"कंद बोडका होता?" इंदूनं विचारलं.

"बोडका कशानं? दोन हिरवी कांडं होती वर, पानासकट. ओलं गोणपाट बदलत बदलत आणलं. लई जपलं."

या तुडतुड्याची मादी कांड्याच्या हिरव्या सालीत चीर पाडून आत अंडी घालते. ती अंडी बाहेरून दिसत नाहीत. इंदूला आता सगळं डोळ्यांपुढं दिसलं. १९३१ साली कुंभार्ली घाटातून वर चढलेली बैलगाडी, सोळा वर्षांची रडवेली नवरी, तिच्या मांडीशी ओलं गोणपाट, आणि त्या सालीत झोपलेले हे पाहुणे. हा चाकणचा किडा नव्हताच. कोकणातला होता, वऱ्हाडाबरोबर आलेला. मग रत्नागिरीतल्या खेडहून तिनं मे महिन्यात आणलेले लांब पंखांचे आणि हे आखूड पंखांचे, हे वेगळे कशावरून?

भातावरच्या तुडतुड्यांत एकाच आईची काही पोरं लांब पंखांची आणि काही आखूड पंखांची निपजतात, हे पुस्तकात होतं. बांबूवरच्या या घराण्यात तसं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून तिला सुचलंही नव्हतं. सरांनाही नाही.

"काय झालं गं? कालवण तिखट लागलं?"

इंदूनं खरं सांगितलं. नवी जात बहुतेक गेली. आणि तिला खातूनबीचं नाव द्यायचं ठरलं होतं, तेही गेलं.

खातूनबीनं कपाळाला हात लावला. "माझं नाव? किड्याला? या अल्ला! बरं झालं गेलं. करीमनं जल्मभर तुडतुडी म्हणून हाक मारली असती."

दुकानातून करीमभाईंचं हसू ऐकू आलं. इंदूलाही हसू आलं, पण डोळे भरले होते. खातूनबीनं ते पाहिलं. तिनं दुसरी भाकरी वाढली आणि म्हणाली, "आता ऐक. ह्या बेटाचं कंद मी तीन पोरींना दिल्यात, त्यांच्या लग्नात. शेजारची गोजा दिघीला दिली, यशोदा हिंजवडीला, आन् माझी शहाजादी पिंपरीला. तिथं बी तुझं किडं असतील का?"

इंदूनं डोळे पुसले. "तिघींना हिरव्या कांडांसकट दिलेत?"

"ते आठवावं लागंल."

"आपण जाऊन बघू या का?"

'आपण' म्हटल्यावर खातूनबीनं हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली. लेकीकडं ती दोनदा जाऊन आली होती, पण दिघी आणि हिंजवडी तिनं पाहिलंच नव्हतं. पोरी पाठवल्या त्या पाठवल्या. तिनं दुकानाच्या दाराकडं बघितलं.

"जा की," आतलं बोलणं ऐकत असलेले करीमभाई म्हणाले. "शिड्या काय मला एकट्याला विकता येत न्हाईत व्हय?"

* * *

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी दोघी एस. टी.नं भोसरीला उतरल्या आणि तिथून टांग्यानं दिघीला गेल्या. खातूनबीनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि गोजासाठी कांद्याची पिशवी घेतली होती. टांग्यात ती सारखी बाहेर बघत होती. "हे काय? ते काय?" टांगेवाला सांगत होता. हे नव्या कारखान्याचं कुंपण, ती लष्कराची हद्द.

गोजाबाईनं दारात खातूनबीला पाहिलं आणि हातातला खराटा टाकून पळत आली. आठ वर्षांनी भेट. पहिला अर्धा तास बांबूचं नाव निघालं नाही. मग ती दोघींना मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं एक गंमत झाली होती. लष्करानं मागच्या साली तारेचं कुंपण घातलं, ते नेमकं बेटाच्या मधून गेलं. निम्मं बेट गोजाबाईचं, निम्मं सरकारी.

इंदूनं छत्री उलटी केली आणि काठी मारली, तसा पलीकडून पहारेकरी धावत आला.

"ए! क्या कर रहे हो?"

"कीडे पकड रहे हैं," इंदू म्हणाली.

"सरकारी कीडे हैं?"

त्यानं हे चेष्टेनं विचारलं की खरंच, ते इंदूला कळेना. खातूनबी मात्र तारेशी जाऊन उभी राहिली. "बाबा, ये बेट मैं दिया है. इसकी माँ मेरे घर में है. तेरी सरकार आने के पैले का है." पहारेकऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, मग पलीकडच्या चार फांद्या स्वतःच वाकवून तारेवरून अलीकडं धरल्या. इंदूनं त्या झोडपल्या. बेट गर्द, रसरशीत होतं, आणि छत्रीत पडलेले चौदाच्या चौदा तुडतुडे आखूड पंखांचे निघाले.

पुढच्या रविवारी हिंजवडी. चिंचवडपासून बैलगाडी केली. वाटेत ज्वारी हुरड्याला येत होती आणि गाडीवान दर अर्ध्या कोसाला "आलंच आता" म्हणायचा. यशोदाबाईचं बेट चौघींच्या बेटांत सगळ्यांत देखणं होतं, पण इंदूनं घामाघूम होईपर्यंत काठी मारली तरी एक तुडतुडा पडेना. मुंग्या पडल्या, कोळी पडले, सुरवंट पडला. तुडतुडा नाही.

"मला कंद बोडकाच दिलेला," यशोदाबाई म्हणाली. "हिरवी कांडं खातूनकाकूनं कापून शिडीला वापरली. पाऊस लांबला व्हता त्या साली."

खातूनबी ओशाळली. "तवा बांबू कमी पडलेला गं."

पण इंदूनं तिचे दोन्ही हात धरले. बोडका कंद गेला तिथं किडा नाही, हिरवं कांड गेलं तिथं किडा आहे. याहून चांगला पुरावा तिनं मागितला असता तरी मिळाला नसता. खातूनबीला त्यातलं सगळं कळलं नाही, पण आपल्या कंजूसपणाचा कुणाला तरी उपयोग झाला म्हटल्यावर ती खुलली.

त्याच दिवशी दुपारी त्या पिंपरीला शहाजादीकडं पोचल्या. शहाजादीचा नवरा मन्सूर एका गॅरेजात मेकॅनिक होता. त्यांची खोली नव्यानं उठलेल्या कामगारांच्या चाळीच्या टोकाला होती. खोलीमागं तीन वर्षांपूर्वी लावलेलं बेट होतं, लहानसं. ते पाहून खातूनबीच्या तोंडून "अरे देवा!" निघालं. बेट पिवळं पडलं होतं. पानांच्या कडा वाळल्या होत्या.

"मोरीचं पानी जायचं त्याला," शहाजादी म्हणाली. "तिकडं कारखान्याची भिंत घातली, मोरी वळवली. मी घागरभर घालते रोज, पण घागरीनं काय व्हतंय?"

खातूनबी कांडं चाचपत होती. तिनं एक सुकं साल बाजूला केलं आणि तशीच वाकून राहिली. तिचे डोळे चष्म्याशिवाय इंदूपेक्षा तीक्ष्ण होते.

"इंदू, हिकडं ये. हळू ये. ह्यो बघ पंखवाला नवरा, आन् ही बिनपंखाची बायको."

इंदू गुडघ्यावर बसली आणि भिंग लावलं. कांड्यावर एक लांब पंखांचा नर आणि एक आखूड पंखांची मादी जोडीनं बसले होते. त्यांच्या शेजारी आणखी एक तशीच जोडी. साल वर उचललं तर खाली गर्दीच गर्दी, लांब पंखांचे निम्म्याहून जास्त. इंदू एवढ्या मोठ्यानं ओरडली की चाळीतल्या चार बायका गॅलरीत आल्या.

"काय झालं? साप?"

"न्हाई," शहाजादी वर बघून म्हणाली. "लगीन लागलंय."

चहा पिताना इंदूनं समजावून सांगितलं. बांबू हिरवा असेपर्यंत ह्यांना उडायची गरज नसते. जागा आहे, रस आहे, पंख हवेत कशाला? पण बांबू सुकू लागला, गर्दी झाली, की पुढच्या पिढीला पंख फुटतात. तसं असेल तर जात एकच.

मन्सूर बशीत चहा ओतत होता. "आमच्या चाळीसारखंच की मग," तो म्हणाला. "खालच्या खोलीतले बीडचे, शेजारचे उस्मानाबादचे. पाऊस न्हाई पडला, आले उडून."

"तुला कुठं पंख फुटलेत? तू तर चाकणहून पिंपरीपर्यंतच आलास," सासू म्हणाली, आणि सगळे हसले. मन्सूरनं मात्र त्याच संध्याकाळी मोरीचं पाणी पुन्हा बेटाकडं वळवायला भिंतीखालून एक जुना पाइप घातला.

* * *

चौबळ सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. कलकत्त्याचं उत्तर आलं होतं, मित्रानं अभिनंदन केलं होतं.

"दोन जोड्या पाहिल्यात म्हणून मी मानणार नाही," ते म्हणाले. "एका मादीची अंडी घ्या, पोरं वाढवा, आणि दोन्ही तऱ्हेचे पंख दाखवा. मग बोलू."

तुडतुडे वाढवायचे तर रोज ताजी माणग्याची फांदी हवी, आणि पुण्यात माणगा नव्हता. तेव्हा ते काम खातूनबीच्या घरी गेलं. पाण्याच्या बाटलीत हिरवी फांदी उभी करायची, तिच्यावर कंदिलाची काच बसवायची, काचेच्या तोंडाला मलमल बांधायची. अशा बारा काचा चुलीपासून लांब, खिडकीपाशी चार पायांच्या फळीवर मांडल्या. सहा काचांत एकाच मादीची थोडी थोडी पिल्लं सोडली आणि फांदी दर दोन दिवसांनी बदलायची ठरली. उरलेल्या सहांत त्याच मादीची उरलेली पिल्लं दाटीवाटीनं भरली आणि फांदी सुकेपर्यंत बदलायची नाही.

"ह्यांना उपाशी ठेवायचं?" खातूनबीला हे पटेना.

"थोडंसं."

"माझ्या आयशीला कळलं तर मला मारील." पण तिनं केलं. इंदू दर रविवारी यायची. मधल्या दिवसांत खातूनबी काचा तपासायची आणि किती पिल्लांनी कात टाकली ते भिंतीवर कोळशाच्या रेघांनी लिहायची. बाजारात बातमी पसरली की करीमची बायको किडे पाळते. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आत डोकवायचं. करीमभाई तक्रार करायचे की घरातल्या सगळ्या कंदिलांच्या काचा किड्यांनी नेल्या आणि आपण अंधारात जेवतो. पण त्यांनीच फळीच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून.

जानेवारीत एका सकाळी इंदू आली तेव्हा खातूनबी दारातच उभी होती. "पंख फुटलं!" एवढंच म्हणून तिनं तिला आत ओढलं. दाटीच्या सहा काचांत लांब पंखांचे तुडतुडे काचेवर आपटत होते. मोकळ्या सहांत सगळे आखूड पंखांचे, मजेत रस पीत बसलेले. आई एकच.

इंदूनं त्या बाराही काचा टोपल्यात घालून, मांडीवर टोपलं धरून, एस. टी.नं पुण्याला नेल्या. सोबत खातूनबी होती. चौबळ सरांच्या टेबलावर बारा काचा मांडल्या गेल्या. सर एकेक काच उचलून पाहत गेले. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि अचानक मोठ्यानं हसू लागले. इंदूनं त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"आता कलकत्त्याला काय लिहू? नवी जात परत घेतो म्हणून?"

"लिहा की, लेकरू एकच हाय, कापडं दोन हायेत," खातूनबी म्हणाली.

सरांनी तिच्याकडं वळून पाहिलं, मग खुर्ची ओढून दिली. "बसा, बाई. तुम्हीच सांगा, मी लिहून घेतो."

त्यानंतर इंदूला घराणं नव्यानं मांडावं लागलं. लांब पंखांतल्याच थोड्या कमीजास्त मापावरून वेगळ्या मानलेल्या आणखी दोन जाती जुन्या पुस्तकांत होत्या. त्याही तिला एकीत घालाव्या लागल्या. पाचाच्या तीन झाल्या. "लोक जाती वाढवून नाव कमावतात," सर म्हणायचे, "तुम्ही कमी करून कमावताय." नकाशावर तिनं चाकण, दिघी आणि पिंपरीला टाचण्या टोचल्या, पण लाल डोक्याच्या. लाल म्हणजे माणसानं नेलेला. त्यांच्या पुढं टीप लिहिली, 'माणग्याच्या कंदाबरोबर, १९३१ व नंतर.'

एक प्रश्न मात्र राहिला. किडा मूळचा कोकणातलाच असेल, तर रत्नागिरीतल्या खेडला तिला आखूड पंखांचा एकही का मिळाला नव्हता? सरांनी तो विचारलाच. मे महिन्यात इंदू पुन्हा तिकडं निघाली, आणि खातूनबीही निघाली. बारा वर्षांत ती माहेरी गेली नव्हती.

जगबुडीच्या काठी तिच्या भावाच्या वाडीत थोरलं बेट होतं, ज्यातून तो पहिला कंद निघाला होता. इंदूनं सवयीनं छत्री उलटी केली आणि वरच्या फांद्या झोडपल्या. वरची पानं उन्हानं करपलेली. पडले ते सगळे लांब पंखांचे.

खातूनबी तिकडं बघतही नव्हती. ती खाली नदीच्या अंगाला उतरली होती, जिथं चिखल होता आणि नवे कोंब जमिनीतून डोकं वर काढत होते. तिनं पदर खोचला, कोंबावरचं केसाळ साल नखानं सैल केलं आणि आत पाहिलं.

"वर काय मारतीस?" तिनं हाक मारली. "हिकडं खाली ये. हिकडं गारव्याला बसलीत सगळी, बिनपंखाची."

इंदू घसरत, चिखलात पाय रोवत खाली गेली. पातळाची वाट लागली. दोघी कोंबाशेजारी उकिडव्या बसल्या. भाऊ वरून विचारत होता, जेवण वाढू का? दोघींपैकी कुणालाच ते ऐकू गेलं नाही. इंदूनं नळी काढली, क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि ती खातूनबीपुढं धरली.

"तुम्हीच ओढा."

खातूनबीनं नळी ओठात धरली, डोळे मिटले आणि जोरात श्वास ओढला.